म्हैस ऐकून घेते: वर्गात लेखन शिकवायला निघालेल्या नव्या शिक्षकांसाठी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सातवीला ‘माझी आई’ हा निबंध दिला आणि ४८ वह्या पिशवीत घालून घरी आणल्या. रात्री बारापर्यंत ४७ आया पहाटे पाचला उठल्या, सडारांगोळी केली, सुगरण निघाल्या, प्रेमळ पण शिस्तप्रिय ठरल्या आणि एकाच कवितेच्या एकाच ओळीवर संपल्या. उरलेल्या एका वहीत लिहिलं होतं: ‘माझी आई चिडली की आधी मला बोलते, मग पप्पांना बोलते, मग म्हशीला. म्हैस काही केलेलं नसताना ऐकून घेते, म्हणून आईचं तिच्यावर जास्त प्रेम आहे.’

मी काय केलं असेल? लाल पेनानं त्या दोन्ही वाक्यांखाली रेघ ओढली आणि समासात शेरा मारला, ‘विषयाला धरून लिहा.’ तो मुलगा गुणी होता. त्यानंतर वर्षभर तो विषयाला इतका धरून राहिला की त्याचा मोर राष्ट्रीय पक्षी होता, पाऊस येताच पिसारा फुलवून नाचत होता आणि शेतकऱ्याचा मित्र होता. त्याच्या वहीत म्हैस पुन्हा आली नाही.

कृष्णाकाठच्या त्याच गावात त्यानंतर बरीच वर्षं काढली. तो शेरा अजून पुसता आलेला नाही, म्हणून निदान हे लिहिते आहे. तुम्ही नुकतेच शाळेवर रुजू झाला असाल, पाचवी ते आठवीला मराठी शिकवायची असेल आणि वह्यांचा पहिला गठ्ठा टेबलावर येऊन पडला असेल, तर तुमच्यासाठी.

मुलांना विनोद शिकवावा लागतो असं मला सुरुवातीला वाटायचं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात पाच मिनिटं नुसतं उभं राहा, मग कळेल. नकला चालू असतात, तुमचीही चालू असते. तीच मुलं वही उघडली की अंगावर इस्त्रीचे कपडे चढवल्यासारखी ताठ होतात, कारण वहीत ‘निबंधाचं’ बोलायचं असतं हे आपणच त्यांच्या डोक्यात बसवलेलं असतं. आपलं काम एवढंच, की जे डोळ्यांनी दिसलं ते वहीत जसंच्या तसं येऊ द्यायचं. हसू त्याच्या मागोमाग येतं. नाही आलं तरी निबंध चांगला झालेला असतो.

पहिला आठवडा: वाक्यांची सेवानिवृत्ती

गाईडवर बंदी घालू नका. घातली तर ते दप्तराच्या आतल्या कप्प्यात जातं, एवढाच फरक. मी वेगळं करते. मुलांनाच सांगते की निबंधात तुम्ही हजार वेळा वाचलेली वाक्यं गोळा करून आणा. दुसऱ्या दिवशी फळा भरतो. ‘निसर्गाने जणू हिरवा शालू पांघरला होता.’ ‘माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.’ ‘काळजात धस्स झाले.’ ‘बघ्यांची एकच गर्दी झाली.’ आणि सगळ्यांचा बाप: ‘इतक्यात आईने हाक मारली आणि मला जाग आली. अरेच्चा! म्हणजे ते स्वप्न होते तर!’

मग या वाक्यांचा सेवानिवृत्ती समारंभ करायचा. गावात असे समारंभ मुलांनी पाहिलेले असतात, त्यामुळे काही समजावून सांगावं लागत नाही. एक जण अध्यक्ष होतो, एक सूत्रसंचालन करतो, एक जण हिरव्या शालूच्या वाक्याला खडूनं शाल पांघरतो आणि एक जण भाषण ठोकतो: ‘यांनी आजवर अखंड सेवा केली. पावसाळा असो, श्रावण असो की सहल असो, यांनी कधी रजा घेतली नाही.’ एका वर्षी एका मुलीनं स्वप्नाच्या वाक्याबद्दल भाषण करताना सांगितलं, ‘यांच्यामुळे आम्हाला कधीच शेवट शोधावा लागला नाही.’ त्या एका वाक्यात तिनं जे सांगितलं ते मला अख्ख्या तासात सांगता आलं नसतं.

निवृत्त वाक्यांची यादी वर्गात लावून ठेवायची. त्यांना वहीत प्रवेश नाही. दहावीच्या वर्षी फारच गरज पडली तर मानधनावर बोलावता येईल, अशी सवलत मी ठेवलेली आहे.

या आठवड्यात आणखी एक करा. स्वतः लिहा, तेही फळ्यावर, मुलांसमोर, खाडाखोड करत. मी माझ्या सराव पाठाची गोष्ट लिहिली होती: फळ्यावर मोर काढला आणि पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, ‘बाई, कोंबडी झ्याक काढलीय.’ मुलं हसली. बाईंवर हसलं तरी चालतं हे कळलं, की स्वतःबद्दल लिहायला कुणी घाबरत नाही. पहिला टोला आपण आपल्यालाच मारून घ्यायचा.

आधी सांग, मग लिही

तास ३५ मिनिटांचा धरा. दहा मिनिटं बोलणं, बारा मिनिटं लिहिणं, आठ मिनिटं वाचून दाखवणं. उरलेली पाच मिनिटं ‘बाई, पाणी’, ‘बाई, पेन संपलं’ आणि ‘बाई, यानं माझी पट्टी घेतली’ यांत जातात. त्यांचा हिशेब आधीच धरलेला बरा.

बोलण्याच्या दहा मिनिटांत कुणालाही उभं करून ‘निबंध सांग’ म्हणू नका. ‘काल घरी काय झालं?’ एवढंच विचारा. मूल सांगायला लागलं की त्याचं पहिलं वाक्य शब्दशः फळ्यावर लिहा. ‘बाई, काल आमच्या पप्पांनी मोटार चालू केली आन् मोटारीच्या आधी पप्पाच फिरले.’ हे फळ्यावर उमटलं की मुलाचा चेहरा बघा. आपण बोललो ते लिहिण्यासारखं असतं, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसतं.

लिहायला पाच ओळी द्या, पंधरा नव्हे. पंधरा ओळी मागितल्या की मूल पाच ओळींचा मजकूर आणि दहा ओळींचा निसर्ग आणतं.

विषय लहान करा

‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय इतका मोठा आहे की मूल त्यात बुडतं आणि हाताला लागेल त्या हिरव्या शालूला धरून किनाऱ्याला येतं. त्याऐवजी ‘माझी छत्री आजवर कुठे कुठे राहिली’ द्या. ‘माझे कुटुंब’ऐवजी ‘आमच्या घरात रिमोट कुणाकडे असतो’. ‘माझी आजी’ऐवजी ‘आजी फोनवर कशी बोलते’. ‘एसटीचा प्रवास’ जरा बरा, पण ‘एसटीत खिडकीची जागा कशी मिळवतात’ त्याहून बरा, कारण त्यात रुमाल, पिशवी, खिडकीतून आत टाकलेलं लहान मूल आणि भांडण आपोआप येतं.

लहान विषयाचा एक फायदा असा की तो गाईडमध्ये सापडत नाही. छत्रीच्या त्या निबंधात एका मुलानं लिहिलं, ‘माझी छत्री वाण्याच्या दुकानात राहिली. आणायला गेलो तर ती वाण्याच्या मुलाच्या डोक्यावर होती. मी ओळखली, पण पाऊस होता म्हणून बोललो नाही.’ या तीन वाक्यांत त्या मुलाचा सगळा स्वभाव आहे. ‘मी फार दयाळू आहे’ असं त्यानं लिहिलं असतं तर आपण वाचूनही विसरलो असतो.

‘खूप’ची काडेपेटी

टेबलावर एक रिकामी काडेपेटी ठेवा. ज्याच्या लेखात ‘खूप’, ‘फार’, ‘अतिशय’, ‘भरपूर’ येईल, त्यानं तो शब्द चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा आणि त्याच्या जागी जे डोळ्यांना दिसलं ते लिहायचं. ‘आमचे काका खूप चिकट आहेत’ यातला ‘खूप’ पेटीत गेला आणि त्या जागी आलं, ‘आमचे काका दिवाळीचं आकाशकंदील सुतळी न कापता सोडवतात. सुतळी चौथ्या दिवाळीची आहे.’ आता काका चिकट आहेत हे सांगायची गरजच उरली नाही.

‘आकाशकंदील’ पुल्लिंगी की नपुंसकलिंगी यावर वर्गात वाद झाला, तोही चांगलाच. मुलं शब्दकोश उघडतात ती अशा वेळी.

मुलांना तीन प्रश्नांची सवय लावा: किती? कुठला? नाव काय? ‘कुत्रा मागे लागला’ यापेक्षा ‘सरपंचांचा मोत्या पाण्याच्या टाकीपासून मारुतीच्या देवळापर्यंत मागे लागला’ हे कधीही जास्त धावतं. विनोदाला नेमकेपणा लागतो. अंधूक गोष्टीवर कुणी हसत नाही.

दमडीचं तेल

आता थोडी कारागिरी. अतिशयोक्ती अलंकार शिकवताना पिढ्यान्‌पिढ्या एक उदाहरण चालत आलं आहे: दमडीच्या तेलाचं लोकगीत. एका दमडीच्या तेलात सासूबाईंचं न्हाणं होतं, मामंजींची शेंडी होते, भावोजींची दाढी होते आणि तरी तेल उरतं. उरलेलं झाकून ठेवलं तर लांडोरीचा पाय लागतो, वेशीपर्यंत ओघळ जातो आणि शेवटी त्या ओघळात चक्क उंट येतो. आपण हे उदाहरण फळ्यावर लिहितो, खाली ‘अलंकार: अतिशयोक्ती’ असं लिहितो आणि पुढे जातो. एक मार्क पक्का. पण विनोद लिहायला शिकवायचं असेल तर इथे थांबायला हवं. याच्याइतकं चांगलं यंत्र दुसरं नाही, आणि ते उघडून बघता येतं.

वर्गाला विचारा: पहिल्याच ओळीत उंट आणला असता तर? मुलं म्हणतात, ‘मग फेकाफेकी वाटली असती.’ बरोबर. पहिली पायरी जवळजवळ खरी आहे, बेतानं वापरलं तर थोड्या तेलात न्हाणं होतं. दुसरी, तिसरी एकेक वीत वर. मग ‘झाकून ठेवलं’ हा घरगुती तपशील, ज्यामुळे आपण विश्वास ठेवायला लागतो. आणि मग एकदम उंट. या सगळ्यात सांगणारीला एकदाही नवल वाटत नाही. ती घरखर्चाचा हिशेब सांगावा तसं सांगते. ती जर मध्येच ‘अहो, काय आश्चर्य!’ म्हणाली असती तर सगळं तेल तिथेच सांडलं असतं.

यावरून आम्ही ‘शिडी’ नावाचा खेळ करतो. सुरुवातीला एक छोटी खरी गोष्ट, मग पाच पायऱ्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडीच मोठी, आवाज तोच. सातवीतल्या एका मुलीची शिडी: ‘आजोबा घोरायला लागले की आधी मांजर बाहेर जातं. मग भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. मग फेब्रुवारीचा मार्च होतो. मग शेजारचे काका आपली विहिरीवरची मोटार चालू राहिली समजून बघायला जातात. शेवटी आजोबांच्या नावानं वीजबिल येतं.’ फेब्रुवारीचा मार्च होतो, ही पायरी तिनं दुसऱ्या लिखाणात मध्ये घातली. पहिल्या वेळी कॅलेंडर आणि काका यांच्यात उडी जरा लांब पडत होती, हे तिचं तिलाच जाणवलं.

दुसरी कारागिरी मराठीच्या वाक्याची. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. गमतीचा शब्द मध्येच येऊन जातो आणि ‘गेले’, ‘होते’, ‘आहे’ अशा थंड शब्दावर वाक्य संपतं. ‘पाहुणे जाताना पप्पांची चप्पल घालून गेले’ हे ठीक आहे. आता हे बघा: ‘पाहुणे चार दिवस राहिले, आम्हा सगळ्यांच्या हातावर पन्नास-पन्नास रुपये ठेवले आणि जाताना घालून गेले पप्पांची चप्पल.’ मराठीत शब्द असे हलवता येतात, ही मोठी सोय आहे. फक्त प्रत्येक वाक्यात हे करू देऊ नका, नाहीतर वहीत सगळीकडे चपलाच चपला होतात.

सरकारी भाषेची गंमत

पत्रलेखन शिकवायला रटाळ आणि लिहायला त्याहून रटाळ. दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि त्यात पत्राचे किंवा त्याऐवजी सारांशाचे ६, त्यामुळे सहज टाळताही येत नाही. मी आठवीत एक युक्ती करते: मजकूर घरातला, भाषा कचेरीतली. एका मुलाचं पत्र असं:

‘प्रति, माननीय बोका, मुक्काम आमचे स्वयंपाकघर. विषय: दुधावरील साय परस्पर उचलल्याबाबत. संदर्भ: आजीची तोंडी तक्रार. महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, काल रात्री पातेल्यावरील झाकण आढळून आले, परंतु साय आढळून आली नाही. सदर साय तूप कढविण्यासाठी राखीव होती. तरी आपण तीन दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा. अन्यथा आपणांस पडवीत वर्ग करण्यात येईल.’

‘वर्ग करण्यात येईल’ हे त्यानं कुठून आणलं? वडील पंचायतीत कारकून. मूल घरात ऐकत असतं. या एका पत्रानं त्या वर्गाला प्रति, विषय, संदर्भ, महोदय हा सगळा सांगाडा पाठ झाला. नंतर रस्त्यावरच्या दिव्यांसाठी खरं पत्र लिहिताना एकाचीही ‘विषय’ची ओळ राहिली नाही. ही युक्ती चालते कारण हसू दोन गोष्टींच्या बेबनावातून येतं, ताठ भाषा आणि किरकोळ मजकूर. उलटंही चालतं, पण ते मुलांना जरा अवघड जातं.

आत्मवृत्तांबद्दल थोडक्यात. फाटकं पुस्तक, तुटलेली खुर्ची, जुनी छत्री, सगळे रडतात. मी एकच अट घालते: त्या वस्तूला तिच्या जागेवरून जेवढं दिसतं तेवढंच तिनं सांगायचं, आणि रडायचं नाही. डस्टरला फळा जवळून दिसतो आणि मुलं पांढऱ्या धुरातून. हजेरीपटाला प्रत्येक मुलाचं फक्त नाव आणि ‘हजर’ म्हणण्याचा आवाज माहीत. बघा काय काय येतं.

कुणावर हसायचं नाही

स्वतःवर हसा. वस्तूंवर, प्राण्यांवर, नियमांवर, मोठ्यांच्या सवयींवर हसा. रंग, उंची, व्यंग, जात, आडनाव, फाटका कपडा, डब्यात काय आहे आणि कोण कसं बोलतं यांवर हसायचं नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगते आणि मग मुलं मला वर्षभर त्याची आठवण करून देतात.

बोलीचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा. आमच्याकडे साखर कारखान्यांच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं काही महिने वर्गात असतात. त्यांनी तोंड उघडलं की आमची मुलं फिसफिसतात, जसं पुण्याहून आलेला पाहुणा आमच्या मुलांच्या ‘म्हस लाथ मारती’वर फिसफिसतो. मी नियम केला आहे: जो बोलतो त्याची भाषा अवतरणचिन्हांत जशी आहे तशी राहील, सांगणाऱ्याची वाक्यं प्रमाणभाषेत. ‘आजी म्हणाली, “आरं, म्हस लाथ मारती, लांब ऱ्हा.” मी लांब राहिलो नाही.’ आजी आजीसारखी बोलते, आणि दुसरं वाक्य किती सरळ आहे म्हणून हसू येतं. मुलांना यातून प्रमाणभाषा आणि बोली यांतला फरक व्याख्येशिवाय कळतो.

आणि आता माझी चूक. एका पावसाळ्यात वाचून दाखवण्याच्या आठ मिनिटांत मी एका मुलीची वही उचलली आणि मोठ्यानं वाचलं: ‘आमच्या घरी पाऊस बाहेर पण येतो आणि आत पण येतो.’ वर्ग खळखळून हसला. मीही हसले, वाक्य खरंच नेटकं होतं. ती हसली नाही. तिच्या घराच्या एका बाजूचे पत्रे उडालेले होते. तिनं विनोद केला नव्हता, बातमी दिली होती. त्या दिवसापासून वाचण्याआधी मी लिहिणाऱ्याजवळ जाऊन हळू विचारते, ‘वाचू का?’ नको म्हटलं तर वही मिटते, कारण विचारायचं नाही. वहीच्या वरच्या कोपऱ्यात ‘बं’ लिहिलं असेल तर ती फक्त बाईंसाठी, अशी खूणही आम्ही ठरवली आहे.

तपासणी, म्हणजे लाल पेन

गणित करून बघा. ४८ वह्या, प्रत्येकीला चार मिनिटं, म्हणजे १९२ मिनिटं. तीन तास बारा मिनिटं दर आठवड्याला, एका वर्गाची. तुम्ही ते करणार नाही, कुणीच करत नाही. मग ‘छान’, ‘बरे’, ‘लक्ष द्या’ असे शेरे आणि सही सुरू होते. त्यापेक्षा आठवड्याला बारा वह्या नीट वाचा. महिन्यात सगळ्यांची पाळी येते. बाकीच्या वह्या त्या आठवड्यात मुलं शेजाऱ्याला वाचून दाखवतात.

शेरा म्हणून प्रश्न लिहा. ‘म्हशीचं नाव काय?’ हा शेरा मी त्या पहिल्या वर्षी लिहायला हवा होता. प्रश्नाचं उत्तर मूल पुढच्या लिखाणात देतं. ‘छान’ला काय उत्तर देणार?

शुद्धलेखन नंतर, आणि एका वेळी तीनच चुका. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ ची चारची भर असे १८ नियम आहेत. ते सगळे एकाच वहीवर एकाच संध्याकाळी लावले तर वही रक्तबंबाळ होते आणि मूल पुढच्या वेळी फक्त येतात तेवढेच शब्द वापरतं. म्हणजे म्हैस जाते आणि गाय येते, कारण गाय लिहायला सोपी.

पण शुद्धलेखन का, हे त्यांना पटवावं लागतं, आणि इथे आपल्या भाषेत मालमसाला भरपूर आहे. नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला झाला. त्यामागची ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका सांगा: पत्रात ‘धरावे’ होतं, कुणीतरी ‘मारावे’ केलं. आख्यायिकाच ती, पण एका अक्षराचं वजन दाखवायला पुरेशी आहे. मग ऱ्हस्व-दीर्घ. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे बापुडवाणा. ५ सप्टेंबरला फळ्यावर एका मुलानं सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘शिक्षक दीनाच्या हार्दिक शुभेच्छा’. वह्यांचा गठ्ठा हातात घेऊन मी त्याखाली उभी होते आणि दुरुस्ती करावी की राहू द्यावं, हे क्षणभर ठरेना. तसंच ‘पाणि’ म्हणजे हात आणि ‘पाणी’ म्हणजे पाणी. मुलांना सांगा की या जोड्यांवरून वाक्यं करा ज्यांत चूक केली तर हसं होईल. नियम पाठ करण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

दुसऱ्या लिखाणासाठी एकच क्लृप्ती. पहिलं वाक्य बोटानं झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. दहापैकी सात-आठ वेळा लेख दुसऱ्या वाक्यापासूनच सुरू होत असतो. पहिलं वाक्य मूल घसा खाकरण्यासाठी लिहितं. (माझाही एक परिच्छेद मी इथून असाच उडवला आहे.)

‘पण परीक्षेत?’

हा प्रश्न पालकसभेत येणारच. दहावीत निबंधाला ८ गुण असतात: प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यांतला एक. पत्रात, सारांशात विनोद करायचा नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. बोक्याला खुलासा मागणारं पत्र सरावासाठी असतं. निबंधात मात्र एखादा नेमका, स्वतः पाहिलेला तपशील टाका. तपासणाऱ्यासमोर उत्तरपत्रिकांचा ढीग असतो आणि प्रत्येकीत हिरवा शालू. त्यात अचानक वाण्याच्या मुलाच्या डोक्यावरची छत्री भेटली तर तो माणूस खुर्चीत सरळ बसेल. जास्त गुण देईल याची हमी मी देत नाही. झोप उडेल एवढं नक्की.

आणखी एक पालक विचारतील: ‘मोबाइलवर इतके जोक येतात, ते लिहिले तर?’ नाही. आलेला विनोद हा कुणाचा तरी उष्टा असतो. स्वतः पाहिलेलं किंवा स्वतः केलेलं, एवढीच अट.

भिंतीवर लावा

लिहिलेलं वहीत राहिलं तर त्याला एकच वाचक, तोही पगारी. म्हणून महिन्यातून एकदा भित्तिपत्रक. जुना ड्रॉइंग पेपर, डिंक, चांगल्या अक्षराची दोन मुलं, बस. वर्षाअखेरीस त्यातलंच निवडून हस्तलिखित करता येतं. लावण्याआधी मुख्याध्यापकांना एकदा दाखवा, हा अनुभवाचा सल्ला आहे.

तो अनुभव असा. एका मुलीनं शाळेच्या घंटेचं आत्मकथन लिहिलं. व्हरांड्यात टांगलेली पितळी थाळी, लाकडी हातोडी. घंटा म्हणत होती: ‘मामा मला दिवसातून अकरा वेळा मारतात. प्रार्थनेला जोरात मारतात, कारण मुलं लांब असतात. सुट्टीला हळू मारतात, कारण मुलं आधीच दारात उभी असतात. शिक्षकांच्या खोलीत मात्र मी कितीही जोरात वाजले तरी ऐकू जात नाही. चहा संपल्यावर ऐकू जाते.’

मी न दाखवता लावलं. मुख्याध्यापक उभे राहून वाचत होते, मी खांबाआडून त्यांची पाठ बघत होते. शेवटच्या ओळीला त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि शिक्षकांच्या खोलीकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून चहा तासाच्या आधी यायला लागला.

खरी तक्रार आली ती शिपाईमामांची. ते तिसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. ‘बाई, त्या पोरीला सांगा, सुट्टीला मी मुद्दाम हळू मारत न्हाई. हातोडीचा दांडा ढिला झालाय. जोरात मारलं की संध्याकाळपर्यंत सुटतो. ते तेवढं खोटं लिवलंय तिनं.’

मुलगी उठली, वहीतलं पान फाडलं आणि मधल्या सुट्टीत भित्तिपत्रकाच्या खाली चिकटवून आली: ‘शुद्धिपत्र. मागील मजकुरात घंटेने मामांबद्दल केलेले विधान चौकशीअंती चुकीचे आढळले आहे. दांडा ढिला आहे. घंटेला ते माहीत होते, पण तिने सांगितले नाही, कारण तिला तेवढाच आराम होता.’

पुढच्या सोमवारी हातोडीला नवा दांडा बसला.